चार दिवसांत एकवीस ठिकाणं? आधी वार बघा

प्रश्न : मी शिरूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. माझे यजमान रांजणगावच्या एका कारखान्यात आहेत. कंपनी त्यांना ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण कोरियात, चांगवॉनला पाठवते आहे. ते संपलं की दोघांनी चार दिवस सोल बघायचं आणि एकत्र परत यायचं, असं ठरलंय. भाऊबीज आटोपून मी निघेन. शुक्रवारी सकाळी पोहोचेन, मंगळवारी दुपारी परतीचं विमान. माझा हा पहिलाच परदेश प्रवास, आणि एकटीने विमानात बसण्याचीही पहिलीच वेळ. यजमान शुक्रवारी रात्री सोलला येतील, तोवर मी एकटी. मी शाकाहारी आहे, शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. ह्यांनी एक्सेलमध्ये एकवीस ठिकाणांची यादी केली आहे, ती सोबत जोडली आहे. त्यात रविवारी बुसान, एक दिवस नामी बेट, सोमवारी उत्तर कोरियाची सीमा असं सगळं आहे. मला ती वाचूनच धाप लागते. पण ‘परत कोण जाणार आहे, आत्ताच सगळं बघून घेऊ’ असं त्यांचं म्हणणं. तुम्ही काय सांगाल?
— एक वाचक, शिरूर

ताई, यादी वाचली. तुमच्या यजमानांनी कष्ट घेतलेत यात शंका नाही. प्रत्येक ठिकाणापुढे किती मिनिटं थांबायचं तेही लिहिलंय. फक्त एक रकाना राहून गेला, तो म्हणजे वारांचा. चांगदॉकगुंग राजवाडा त्यांनी सोमवारी सकाळी ठेवलाय, तो सोमवारी बंद असतो. ग्योंगबोकगुंग हा सगळ्यांत मोठा राजवाडा मंगळवारी, विमानाला निघण्याआधी उरकायचा बेत आहे. तो मंगळवारी बंद असतो. आणि डीएमझेडची, म्हणजे सीमेची सहल सोमवारी दुपारी आहे. सोमवारी त्या सहली निघतच नाहीत. यादीतली तीन मोठी नावं अशी बंद दारापुढे जाऊन थांबतात. हे त्यांना जरा हळूच सांगा. माणसाने हौसेने केलेलं काम आहे.

यादी लहान करण्यासाठी वाद घालायची गरज नाही. ती आपोआप लहान होते.

बुसान आधी काढा. चांगवॉन बुसानच्या शेजारीच आहे, बसने तासाभराच्या अंतरावर. तुमचे यजमान तीन आठवडे तिथे आहेत, त्यातल्या एका रविवारी त्यांनी बुसान एकट्याने बघून यावं. तुमच्या रविवारी सोलहून जायचं तर वेगवान रेल्वेने सुद्धा जाताना अडीच तास आणि येताना अडीच तास मोडतात. मधल्या वेळात समुद्राला नमस्कार करून परत यायचं, एवढंच हाती लागतं. त्यांना आणखी एक गोष्ट सांगा. चांगवॉन आणि बुसानच्या मध्ये गिम्हे नावाचं शहर आहे. तिथे राणी हॉ ह्वांग-ओक हिची समाधी आहे. ही राजकन्या ‘अयुता’ देशातून समुद्रमार्गे आली आणि इथल्या राजाशी तिचं लग्न झालं, अशी कथा तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथात आहे. अयुता म्हणजे अयोध्या, असं मानणारे पुष्कळ. तुम्ही इतिहासाच्या, त्यामुळे आख्यायिका आणि पुरावा यांतला फरक मी तुम्हाला सांगायला नको. पण त्यांना एक रविवार मजेत घालवायला हरकत नाही.

नामी बेटही काढा. झाडांच्या रांगा सुंदर आहेत, पण जाऊन-येऊन दिवस संपतो, आणि नोव्हेंबरमध्ये तशी झाडं तुम्हाला राजवाड्यांच्या आवारातच मिळणार आहेत. सीमेच्या सहलीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ती वाईट नाही. पण पहिल्या भेटीत, चार दिवसांत, पासपोर्ट घेऊन पहाटे उठून बसमध्ये बसायचं आणि दुर्बिणीतून पलीकडचं गाव बघायचं, यापेक्षा तुम्हाला जास्त भिडेल असं एक ठिकाण शहरातच आहे. त्याकडे येतेच.

त्याआधी व्हिसा. कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा शब्दही नाही. यजमानांचा व्हिसा कंपनी काढेल. तुमचा वेगळा, तुम्हालाच काढायचा आहे. भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियात पर्यटनासाठी आधी व्हिसा लागतो. ऑनलाइन परवानगीवर जाणारे लोक तुम्हाला व्हिडिओंत दिसतील, ती सोय आपल्याला नाही. महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईतला कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. कागदांची यादी आणि अर्ज कुठे द्यायचा हे त्यांच्याच संकेतस्थळावरून बघा, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. साधारणपणे बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्र, शाळेचं नोकरीचं आणि रजेचं पत्र, हॉटेलचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम आणि प्रवासाचं कारण सांगणारं पत्र हे लागतं. यजमानांच्या प्रशिक्षणाची कागदपत्रं आणि विवाह प्रमाणपत्रही जोडा, म्हणजे तुम्ही त्याच तारखांना का जाताय हे अधिकाऱ्याला विचारावं लागणार नाही. शाळेची परवानगी वेळेत मागा. दिवाळीच्या तोंडावर संस्थेच्या कार्यालयात सही करणारा माणूस सापडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

तिकिटाचं एक. मुंबईहून जाताना बहुधा बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँग अशा ठिकाणी विमान बदलावं लागेल. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. मग सामान थेट इंचॉनला, म्हणजे सोलच्या विमानतळावर मिळतं आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीचं काम होतं. वेगवेगळी दोन तिकिटं काढून चार हजार वाचवणं एकट्या, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसासाठी नाही.

पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन पत्रक भरा. २०२५पासून ही सोय आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर ते सरकारी नाही, बंद करा.

आता राहायचं कुठे. यादीत हॉटेल गंगनममध्ये धरलंय, ‘गंगनम स्टाइल’ या गाण्यामुळे असेल. तिथे राहू नका. सोलच्या मधोमध हान नदी वाहते. गंगनम नदीच्या दक्षिणेला, नव्या शहरात. तुम्हाला बघायचंय ते जवळजवळ सगळं उत्तरेला, जुन्या शहरात आहे. जोसॉन घराण्याने १३९४ मध्ये राजधानी इथे आणली, पुढच्या दोन वर्षांत राजवाडा बांधला, डोंगरांच्या कण्यावरून तटबंदी फिरवली. त्या तटाच्या आतलं शहर आजही पायी फिरता येतं. जोंगनो सामगा किंवा आन्गुक या मेट्रो स्टेशनांच्या आसपास हॉटेल घ्या. जोंगनो सामगाला तीन मार्गिका मिळतात, त्यामुळे कुठेही जाणं सोपं. खोल्या लहान असतात. त्याबद्दल कुरकुर करू नका, खोलीत तुम्ही झोपायलाच जाणार आहात.

शुक्रवारी सकाळी तुम्ही इंचॉनला उतरलात. घड्याळ साडेतीन तास पुढे करा. पासपोर्ट तपासणी, बोटांचे ठसे, सामान, हे झालं की विमानतळावरच तीन कामं उरका: थोडे वॉन काढा, मोबाइलचं सिम चालू करा (किंवा इथूनच ई-सिम घेऊन जा), आणि कुठल्याही छोट्या चोवीस तास दुकानातून टी-मनी कार्ड घ्या. हे कार्ड मेट्रो, बस, टॅक्सी सगळीकडे चालतं. त्यात पैसे भरायला रोख लागते, म्हणून वॉन आधी. एक हजार वॉन म्हणजे साधारण साठ-पासष्ट रुपये, असा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवा आणि दर वेळी गुणाकार करत बसू नका. नाहीतर कॉफीचा घोट घशाखाली उतरणार नाही.

शहरात यायला रेल्वे आहे आणि बसही. पहिल्या टर्मिनलपासून सोल स्टेशनपर्यंत एक्सप्रेस गाडी ४३ मिनिटांत येते, थांबत जाणारी गाडी तासाभरात, आणि ती बरीच स्वस्त. सोल स्टेशनवर उतरून पहिल्या क्रमांकाच्या मार्गिकेने तिसरं स्टेशन म्हणजे जोंगनो सामगा. पण या स्टेशनात विमानतळाची गाडी जमिनीखाली फार खोल येते आणि मेट्रोपर्यंत बॅग ओढत बरंच चालावं लागतं. तुमच्या जागी मी पहिल्या दिवशी विमानतळाची लिमोझिन बस धरीन. महाग पडते, वाहतुकीत वेळही जास्त जातो, पण बॅग पोटात जाते, बसायला प्रशस्त जागा मिळते आणि खिडकीतून नदी, पूल, इमारतींची रांग बघत बघत शहर अंगावर येतं. हॉटेलच्या जवळचा थांबा कोणता ते हॉटेललाच आधी ईमेल करून विचारा.

मोबाइलवर नेव्हर मॅप हे अ‍ॅप इथूनच टाकून न्या, इंग्रजीत चालतं. गुगलच्या नकाशावर कोरियात भिस्त ठेवू नका. नकाशांचा तपशील देशाबाहेर देण्यावर तिथल्या सरकारची बंधनं असल्यामुळे चालत जायच्या रस्त्यासाठी तो वर्षानुवर्षं निरुपयोगी राहिलाय. मेट्रोत स्टेशनइतकाच महत्त्वाचा असतो बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक. चुकीच्या दारातून वर आलात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे निघता. आणि डब्याच्या टोकाला असलेल्या ज्येष्ठांच्या जागा रिकाम्या दिसल्या तरी बसू नका. तिथली तरुण मंडळी त्या रिकाम्याच ठेवतात.

खोली दुपारी तीननंतरच मिळेल, पण बॅग आधी ठेवून घेतात. ती ठेवा आणि चालत जोगेसा मंदिराकडे जा. हे कोरियन बौद्धांच्या सर्वांत मोठ्या पंथाचं मुख्य मंदिर, भर शहरात, कार्यालयांच्या उंच इमारतींमध्ये. शरद ऋतूत आवारभर शेवंती मांडतात. पण मी तुम्हाला तिथे पाठवतेय ते शेवंतीसाठी नाही. नोव्हेंबरच्या मध्यात, एका गुरुवारी, कोरियात बारावीच्या मुलांची विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. त्या दिवशी मुलांना वाहतुकीत अडकायला नको म्हणून कार्यालयं आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात. इंग्रजीच्या श्रवण चाचणीच्या वेळी देशभर विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात. परीक्षेआधीचे कित्येक दिवस आई-बाप जोगेसात येऊन मुलांसाठी साष्टांग नमस्कार घालत असतात. तुम्ही जाल तेव्हा परीक्षा तोंडावर असेल किंवा नुकतीच आटोपलेली. बाजूला, चटईच्या कडेला, थोडा वेळ बसा. फोटो काढू नका. हायस्कूलमध्ये शिकवणाऱ्या बाईला कोरिया समजायला इथून बरी सुरुवात मला सुचत नाही.

तिथून इनसाडोंगचा रस्ता दोन मिनिटांवर आहे. चहाची दुकानं, हातकागद, ब्रश, भेटवस्तू. एवढं पुरे. संध्याकाळी चॉन्गेचॉन ओढ्याच्या काठाने हॉटेलकडे या. या ओढ्यावर कधीकाळी काँक्रीट घालून वरून उड्डाणपूल नेला होता. तो पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. रस्त्याच्या पातळीच्या खाली उतरून पाण्याशेजारून चालायचं. रात्रीही लोक असतात, बाईमाणसाला भीती नाही. एकटीचा दिवस असा जाईल. खरं सांगू? चार दिवसांतला हाच दिवस तुम्हाला सर्वांत जास्त आठवेल असा माझा अंदाज आहे, म्हणून तो ‘यजमान येईपर्यंत वेळ काढणे’ या खात्यात टाकू नका.

शनिवारी ग्योंगबोकगुंग. ग्वांगह्वामुन या मुख्य दरवाज्याशी सकाळी दहाला पहारेबदलाचा सोहळा होतो, तो बघून आत जा. तिकीट तीन हजार वॉन, आणि हानबोक म्हणजे पारंपरिक पोशाख घातला तर प्रवेश फुकट. आसपास भाड्याने देणारी दुकानं रांगेने आहेत. घाला हो. तिथे सगळेच घालतात, कोणी बघून हसत नाही.

या राजवाड्याचा इतिहास मात्र वाचून जा, नाहीतर सुंदर छतं एवढंच दिसेल. १३९५ साली बांधला, १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला आणि पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. १८६७ मध्ये पुन्हा उभा केला. मग जपानी राजवटीत त्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या आणि सिंहासनाच्या दालनासमोर, त्याचं तोंड झाकलं जाईल अशी, जपानच्या गव्हर्नर-जनरलची दगडी कचेरी १९२६ मध्ये उभी केली. स्वातंत्र्यानंतरही ती इमारत वापरात राहिली, शेवटी तर तिथे राष्ट्रीय संग्रहालय होतं. १९९५ साली, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, ती पाडायला सुरुवात केली. जेत्यांनी बांधलेल्या इमारतीचं पुढे काय करायचं, ठेवायची, वापरायची की पाडायची, हा प्रश्न तुमच्या वर्गात एक तास चालेल.

दुपारी बुकचॉन. जुन्या कौलारू घरांची उतरती गल्ली, जिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तिथे लोक राहतात. पर्यटकांचा जाच इतका वाढला की मुख्य गल्लीत आता सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात फिरकू देतात, आणि वेळ मोडली तर एक लाख वॉन दंड आहे. यजमानांच्या यादीत ‘बुकचॉन, सूर्योदय’ लिहिलंय. तो सूर्योदय सहा हजार रुपयांना पडेल. चढ बराच आहे, बूट चांगले हवेत.

नोव्हेंबरमध्ये सोलला साडेपाचच्या आत अंधार पडतो. राजवाडा या महिन्यात पाचला बंद होतो, तासभर आधी तिकीट देणं थांबतं. म्हणजे संध्याकाळी काय, हा प्रश्न रोज येणार. शनिवारचं उत्तर सोपं आहे. राष्ट्रीय संग्रहालय बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि कायमचं प्रदर्शन फुकट. आन्गुकहून तिसरी मार्गिका, चुंगमुरोला बदलून चौथी, इचॉनला उतरायचं. एवढं मोठं संग्रहालय पूर्ण बघायचं मनातही आणू नका. दुसऱ्या मजल्यावर एक अंधारं दालन आहे. त्यात फक्त दोन मूर्ती आहेत, सहाव्या-सातव्या शतकातल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, बोटं गालाला टेकलेली, चिंतनात बसलेले बोधिसत्त्व. काचेची पेटी नाही, भिंतीवर माहितीचा मजकूर नाही. तिथे वीस मिनिटं द्या आणि मग वेळ उरला तर बाकीचं.

रविवारी चांगदॉकगुंग आणि त्यामागची राजबाग, हुवॉन. माझ्या मते सोलमध्ये एकच गोष्ट बघायची असेल तर ही. ग्योंगबोकगुंग सरळ रेषेत, दरबारी थाटात मांडलेला आहे. चांगदॉकगुंग १४०५ मध्ये बांधला तो टेकडीच्या चढ-उताराशी जुळवून घेत, आणि १९९७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. बागेचं तिकीट वेगळं असतं, ठरावीक वेळेला मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. पानं रंगण्याच्या दिवसांत जागा भराभर संपतात. आरक्षण काही दिवस आधीच उघडतं, तेव्हा तारीख मोबाइलवर लावून ठेवा आणि आपल्याकडे पहाटे साडेसहाला उघडणार असेल तर साडेसहाला उठा. इंग्रजी फेऱ्या कमी असतात, तीच वेळ धरून बाकीचा दिवस बेता. आत बुयोंगजी नावाचं तळं आहे आणि वरच्या बाजूला राजा जॉन्गजोने १७७६ मध्ये स्थापन केलेल्या राजग्रंथालयाची दुमजली इमारत.

दुपारी, सीमेच्या सहलीऐवजी, सोदेमुन कारागृह. आन्गुकहून तिसऱ्या मार्गिकेवर दोनच स्टेशनं, दोंगनिमुन. जपान्यांनी १९०८ मध्ये उघडलेला हा तुरुंग, स्वातंत्र्यसैनिकांना इथे डांबलं, छळलं, फाशी दिलं. स्वातंत्र्यानंतरच्या लष्करी राजवटींनीही आपल्या विरोधकांसाठी तोच वापरला, १९८७ पर्यंत. आता ते संग्रहालय आहे. लाल विटांच्या कोठड्या, एका मोठ्या भिंतीवर कैद्यांच्या नोंदपत्रांवरचे हजारो चेहरे. तुम्हाला येरवडा आणि अंदमान शिकवायचं असतं, त्यामुळे तुम्हाला तिथे कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. तेही सोमवारी बंद, आणि हिवाळ्यात पाचला बंद, म्हणून साडेतीनपर्यंत पोहोचा. मन जड झालं तर संध्याकाळी पूर्वेला दोंगदेमुनच्या जुन्या दरवाज्यापासून तटबंदीच्या कडेने नाकसानच्या टेकडीवर चढा. चढ सोपा आहे, तिकीट नाही, आणि दिवे लागलेलं शहर पायाशी दिसतं. नामसान टेकडीवरच्या मनोऱ्यासाठी रांगेत उभं राहायचं नसेल तर हा मला त्याहून बरा पर्याय वाटतो. मनोऱ्यावरून सगळं दिसतं, फक्त मनोरा दिसत नाही.

सोमवार यजमानांना द्या. गंगनम, लोट्टे टॉवरचे १२३ मजले, कोएक्स मॉलमधली पुस्तकांची उंच भिंत, दुकानं, जे काय त्यांच्या यादीत दक्षिणेला आहे ते सगळं त्या दिवशी. फक्त कोएक्ससमोरच्या बोंगउन्सा मंदिरात अर्धा तास थांबा.

मंगळवारी विमान दुपारचं, म्हणजे सकाळी काही ठरवू नका. लवकर आवरलंच तर सोल स्टेशनच्या अलीकडे दॉकसुगुंग राजवाडा आहे, तो मंगळवारी उघडा असतो.

आता खाणं. इथे तुम्हाला गोड बोलून उपयोग नाही. कोरियात शाकाहारी माणसाची पंचाईत होते, कारण मांस डोळ्यांना दिसत नाही तिथेही असतं. किमचीत, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. भाजीच्या रश्श्याचं पाणी सुकवलेल्या छोट्या मासळीचं असतं, आणि रस्त्यावर मिळणाऱ्या लालभडक तोकबोकीचं, म्हणजे रश्श्यातल्या तांदळाच्या वड्यांचंही तेच. भात-भाज्यांचा बिबिमबाप मांस काढून मिळतो, पण वरच्या तिखट चटणीत कधी खिमा असतो. ‘नो मीट’ म्हटलं की वाढणारा माणूस प्रामाणिकपणे मांस काढतो. मासळीचं पाणी त्याच्या लेखी मांस नसतं.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो तुमच्या घरातच आहे. यजमानांनी चांगवॉनच्या एखाद्या कोरियन सहकाऱ्याकडून एका कार्डावर कोरियनमध्ये लिहून घ्यावं: मांस, मासे, कोळंबी, माशाचं पाणी, माशाचा सॉस, कांदा, पातीचा कांदा, लसूण चालत नाही. धार्मिक कारण आहे, हेही लिहावं. ते कार्ड ऑर्डर देण्याआधी दाखवायचं. भाषांतराच्या अ‍ॅपपेक्षा हे दहापट चालतं.

आणि आता चांगली बातमी. तुमच्या चातुर्मासाची व्यवस्था कोरियन बौद्ध भिक्षूंनी करून ठेवली आहे. त्यांच्या मठांतल्या जेवणात मांस-मासे नसतातच, शिवाय लसूण, कांद्याची पात आणि त्यांच्या जातीच्या भाज्याही वर्ज्य. जुन्या पाच वर्ज्य पदार्थांत हिंगाचंसुद्धा नाव घेतात, म्हणजे त्यांचा नियम तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे. जोगेसा मंदिराच्या समोर त्याच पंथाचं बालू गोंगयांग नावाचं भोजनगृह आहे. तिथे असं जेवण एकामागून एक छोट्या वाट्यांत येतं. कमळाचं मूळ, रानभाज्या, टोफू, मश्रूम, आंबवलेल्या सोयाबीनचा खमंगपणा. स्वस्त नाही आणि आधी आरक्षण लागतं. एका दुपारी जाच, चार दिवसांतल्या बाकी काटकसरीचं सार्थक होईल. सुट्टीचा वार तेवढा बघून घ्या. वारांनी तुम्हाला एकदा फसवलंय.

बाकी वेळा लाल भोपळ्याची किंवा लाल चवळीसारख्या दाण्यांची खीरवजा पेज देणारी दुकानं शोधा, ती सकाळीही उघडी असतात. थंडीत रस्त्यावर भाजलेली रताळी आणि चेस्टनट मिळतात. होत्तोक ही गूळ-दाण्याच्या सारणाची गरम पोळी संध्याकाळी जोर आणते. ग्वांगजांग बाजारात जात्यावर मूग दळून तव्यावर तळलेलं बिंदेतोक बघायला जरूर जा. आपल्या मुगाच्या धिरड्याचा जाड, तेलकट भाऊ आहे तो. पण बघायलाच. पिठात कांद्याची पात आणि किमची असते, पुष्कळदा डुकराचं मांसही. यजमान खात असतील तर त्यांनी खावं, दर आधी विचारून. तुमच्या बॅगेत मेतकूट आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, भडंग असू द्या. दुकानात तयार गरम भाताचे डबे मिळतात, मेतकूट-भाताने एक रात्र सहज निघते. तूप-दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका, आणि मांस-फळं-बिया तर नाहीच. सीमाशुल्कवाले त्याबाबत कडक आहेत.

थंडी दिवसा दहा-बारा अंशांपर्यंत, रात्री दोन-तीनपर्यंत उतरते. शिरूरच्या स्वेटरवर भागणार नाही, आतून गरम कपडे घ्या. बूट पटकन काढता-घालता येतील असे हवेत. मंदिरात, काही जेवणघरांत ते काढावे लागतात, आणि मोजे फाटके नकोत.

ताई, एक राहिलं. तुमच्या एवढ्या लांब पत्रात त्यांना काय बघायचंय ते आहे, तुम्हाला काय बघायचंय हे कुठेच नाही. वरचा बेत मी तुमच्या विषयावरून ओळखून बांधलाय, तो चुकतही असेल. मालिकांमधलं एखादं ठिकाण मनात असेल, साडी नेसून राजवाड्यात फोटो काढायचा असेल, दुपारभर एका चहाच्या दुकानात नुसतं बसायचं असेल, तर सोदेमुन काढा आणि ते घाला. यजमानांना सांगायला संकोच वाटत असेल तर त्यांच्याच एक्सेलमध्ये एक ओळ टाइप करा. माझ्या अंदाजाने ते त्या ओळीपुढेही मिनिटं लिहून ठेवतील.

चार्जरची पिन इथूनच घ्या. वीज तिथे २२० व्होल्टची, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखीच आहे, पण भोकं दोन आणि गोल. आपली तीन पायांची पिन त्यात जात नाही.